पेनड्राइव्हला पासवर्ड आणि एन्क्रिप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनड्राइव्हमधील माहिती सुरक्षित कशी ठेवावी, याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांमध्ये करसल्लागारांच्या कार्यालयांतील कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर, सोसायट्यांचे सचिव आणि प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आहेत. यांतील बहुतेकांच्या पेनड्राइव्हमध्ये स्वतःच्या कागदपत्रांपेक्षा इतरांची कागदपत्रे अधिक असतात, हे उत्तरे लिहिताना सतत लक्षात ठेवले आहे.

१. पेनड्राइव्हला पासवर्ड लावणे आणि पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करणे म्हणजे एकच ना?

नाही, आणि पुढची जवळजवळ सर्व उत्तरे या भेदावर उभी आहेत. केवळ पासवर्ड लावणारी अनेक छोटी सॉफ्टवेअर फाइली जशाच्या तशा ठेवतात आणि त्या दाखवायच्या की नाही, एवढेच पासवर्डवरून ठरवतात. असा पेनड्राइव्ह लिनक्सच्या संगणकाला जोडला किंवा पुसलेल्या फाइली शोधणारे सॉफ्टवेअर त्यावर चालवले, की सगळे वाचता येते. दारात पहारेकरी बसवला, पण घराला भिंतीच नाहीत, अशी ती स्थिती असते. एन्क्रिप्शनमध्ये मात्र साठवलेली माहिती एका गुप्त किल्लीच्या आधारे गणिती प्रक्रियेने बदललेली असते आणि ती किल्ली आपल्या पासवर्डने संरक्षित केलेली असते. त्यामुळे पेनड्राइव्हमधील चिप काढून थेट वाचली, तरी हाती निरर्थक आकडेच लागतात. प्रचलित साधने यासाठी प्रामुख्याने एईएस ही पद्धत वापरतात, जी अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये स्वीकारली आणि जी आजही भक्कम मानली जाते.

एक मर्यादा सुरुवातीलाच सांगायला हवी. एन्क्रिप्शनमुळे माहिती वाचता येत नाही, पण पुसता येते. एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह कोणीही पासवर्डशिवाय फॉरमॅट करू शकतो, म्हणून महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र असलीच पाहिजे.

२. यूट्यूबवर दाखवतात तशी ‘लॉकर’ नावाची बॅच फाइल बनवली आहे. तेवढे पुरे नाही का?

पुरे नाही. त्या व्हिडिओंमध्ये नोटपॅडमध्ये काही ओळी उतरवून बॅच फाइल करायला सांगतात. ती फाइल एका फोल्डरचे नाव बदलते आणि त्याला ‘हिडन’ व ‘सिस्टिम’ हे गुणधर्म लावते. फोल्डरमधील फाइलींना तिचा स्पर्शही होत नाही. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या आणि संरक्षित फाइली दाखवण्याची सोय चालू केली, की तो फोल्डर समोर येतो. मॅकवर किंवा लिनक्सवर तर हे गुणधर्म फारसे जुमानले जात नाहीत. त्याहून वाईट गोष्ट अशी, की पासवर्ड त्या बॅच फाइलमध्येच साध्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून कोणालाही तो वाचता येतो. घरातील लहान मुलांनी चुकून फाइल उघडू नये, एवढ्याच हेतूने ही युक्ती वापरावी.

३. माझ्या पेनड्राइव्हमध्ये लपवण्यासारखे काही नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

पेनड्राइव्ह एकदा उघडून त्यात नेमके काय आहे, ते शांतपणे पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आधार कार्डाच्या पीडीएफ, पॅन कार्डाचे फोटो, बँकेची विवरणपत्रे, विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या, भाडेकरार, रुग्णांचे अहवाल, सोसायटीच्या सभासदांचे फोन नंबर असे बरेच काही त्यात साठलेले असते, आणि त्यातले बरेचसे आपले नसते. ज्यांचे आहे, त्यांनी ते आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असते.

मोठ्या संस्थाही येथे चुकलेल्या आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या एका कर्मचाऱ्याचा पेनड्राइव्ह हरवला आणि तो रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला सापडला. त्याने तो ग्रंथालयातील संगणकावर सहज उघडून पाहिला, कारण त्यातील हजाराहून अधिक फाइलींना ना पासवर्ड होता, ना एन्क्रिप्शन. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने पुढच्या वर्षी विमानतळ कंपनीला १ लाख २० हजार पौंडांचा दंड केला. भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत अशा उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असला, तरी पेनड्राइव्ह हरवायला तेवढा वेळ लागत नाही.

४. विंडोजमध्ये पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट कसा करायचा? वेगळे सॉफ्टवेअर लागते का?

आपल्या संगणकावर विंडोजची ‘प्रो’, ‘एंटरप्राइझ’ किंवा ‘एज्युकेशन’ आवृत्ती असेल, तर वेगळे काही लागत नाही. त्यात बिटलॉकर ही सोय मुळातच असते. काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हसाठी ती विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून उपलब्ध आहे.

पेनड्राइव्ह जोडावा, ‘धिस पीसी’मध्ये त्याच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि ‘टर्न ऑन बिटलॉकर’ निवडावे. विंडोज ११ मध्ये हा पर्याय कधी कधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ या ओळीखाली दडलेला असतो. पुढे पासवर्ड दोनदा विचारला जातो (तो कसा असावा, यासाठी प्रश्न ९ पाहा), मग रिकव्हरी की जतन करायला सांगितले जाते (प्रश्न ७), त्यानंतर किती भाग आणि कोणत्या पद्धतीने एन्क्रिप्ट करायचा, असे दोन प्रश्न येतात (प्रश्न ६). शेवटी ‘स्टार्ट एन्क्रिप्टिंग’ दाबले, की काम सुरू होते. आधीपासून असलेल्या फाइली यात पुसल्या जात नाहीत. तरीही वीज गेली किंवा पेनड्राइव्हच खराब निघाला, तर नुकसान होऊ नये म्हणून त्यांची प्रत आधी काढून ठेवावी. मध्येच पेनड्राइव्ह काढण्याची वेळ आली, तर तसाच न उपसता ‘पॉझ’ दाबूनच काढावा. पुन्हा जोडल्यावर उरलेले काम पुढे नेता येते.

५. माझ्या लॅपटॉपवर ‘टर्न ऑन बिटलॉकर’ हा पर्याय दिसतच नाही. काय करू?

बहुधा आपल्याकडे विंडोजची ‘होम’ आवृत्ती आहे; घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतांश लॅपटॉपवर तीच असते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडल्यावर आवृत्तीचे नाव दिसते. होम आवृत्तीत पेनड्राइव्हवर बिटलॉकर नव्याने लावता येत नाही, मात्र आधीच लावलेला पेनड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडता येतो, त्यातील फाइली वाचता येतात आणि नव्या फाइली लिहिताही येतात. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. म्हणून प्रो आवृत्ती असलेल्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याच्या संगणकावर रिकामा पेनड्राइव्ह एकदा एन्क्रिप्ट करून घेतला, पासवर्ड स्वतः टाइप केला आणि रिकव्हरी कीची प्रत स्वतःकडे घेऊन तेथील प्रत पुसली, तर पुढे आपल्या होम आवृत्तीवर तो बिनदिक्कत वापरता येतो. तसे जमत नसेल, तर व्हेराक्रिप्ट हा विनाशुल्क पर्याय आहे (प्रश्न १०).

६. बिटलॉकर ‘युज्ड डिस्क स्पेस ओन्ली’ की ‘एंटायर ड्राइव्ह’, आणि ‘न्यू मोड’ की ‘कंपॅटिबल मोड’ असे विचारतो. काय निवडावे?

पेनड्राइव्ह कोरा असेल, तर ‘युज्ड डिस्क स्पेस ओन्ली’ पुरते आणि ते झटपट होते. वापरलेला असेल, तर ‘एंटायर ड्राइव्ह’ निवडावे; कारण पुसलेल्या फाइलींचे अवशेष मोकळ्या दिसणाऱ्या जागेत शिल्लक असतात आणि पहिला पर्याय त्या जागेला हात लावत नाही. पूर्ण ड्राइव्हला वेळ लागतो. दर सेकंदाला १० एमबी लिहिणारा ६४ जीबीचा साधा पेनड्राइव्ह असेल, तर पावणेदोन तासांच्या आसपास वाट पाहावी लागेल.

येथे एक बारकावा आहे. पेनड्राइव्हमधील चिपचे सगळे भाग सारखे झिजावेत, म्हणून तिचा नियंत्रक एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा न लिहिता जागा बदलत राहतो आणि काही राखीव जागा संगणकाला दाखवतही नाही. परिणामी जुन्या फाइलीचा एखादा तुकडा त्या राखीव भागात एन्क्रिप्ट न होता राहू शकतो. प्रयोगशाळेतील साधनांशिवाय तो वाचणे अवघड असते, तरीही अतिसंवेदनशील माहितीसाठी नवा पेनड्राइव्ह घ्यावा आणि पहिली फाइल ठेवण्यापूर्वीच तो एन्क्रिप्ट करावा, हे सर्वांत निर्धोक.

‘मोड’विषयी: पेनड्राइव्हसाठी ‘कंपॅटिबल मोड’च निवडावा. नवी पद्धत नोव्हेंबर २०१५ मधील विंडोज १० च्या आवृत्तीत आली, त्यामुळे ती वापरलेला पेनड्राइव्ह विंडोज ७ किंवा ८ चा संगणक ओळखत नाही, आणि असे जुने संगणक अनेक कार्यालयांत अजून चालू आहेत.

७. रिकव्हरी की म्हणजे काय आणि ती कुठे ठेवावी?

ती ४८ अंकी संख्या असते आणि सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते. पासवर्ड आठवत नसेल, तेव्हा पेनड्राइव्ह उघडण्याचा तो दुसरा आणि शेवटचा मार्ग असतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवता येते, फाइल म्हणून जतन करता येते किंवा छापता येते. आमच्या मते छापलेला कागद सर्वांत भरवशाचा. त्यावर कोणत्या पेनड्राइव्हची की आहे, ते लिहावे आणि घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा. पेनड्राइव्ह ज्या पिशवीत असतो, त्याच पिशवीत हा कागद ठेवला, तर एन्क्रिप्शन केले काय आणि न केले काय, सारखेच.

आपल्या पश्चात कुटुंबीयांना किंवा कार्यालयातील भागीदाराला ती माहिती लागणार असेल, तर हाच कागद बंद पाकिटात घालून तो कुठे आहे, एवढे एका व्यक्तीला सांगून ठेवावे. एन्क्रिप्शनला वारसा प्रमाणपत्र दाखवून उपयोग होत नाही.

८. पासवर्ड विसरलो आणि रिकव्हरी कीही नाही. फाइली कशा मिळतील?

मिळणार नाहीत. हे वाचायला कठोर वाटेल, पण खोटी आशा दाखवणे अधिक वाईट. बिटलॉकर पासवर्डपासून किल्ली तयार करताना एकच गणिती क्रिया दहा लाखांहून अधिक वेळा करतो, म्हणजे प्रत्येक अंदाज तपासायला संगणकाला तेवढा वेळ खर्चावा लागतो. पासवर्ड लांब आणि यादृच्छिक असेल, तर सर्व शक्यता तपासणे व्यवहारात अशक्य ठरते. आपल्याला पासवर्डचा बराचसा भाग आठवत असेल आणि केवळ एक-दोन अक्षरांची शंका असेल, तरच वेगवेगळ्या शक्यता लिहून काढून प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

प्रोग्रामर स्टीफन थॉमस यांची गोष्ट जगभर गाजली. ७,००२ बिटकॉइनच्या किल्ल्या असलेल्या त्यांच्या आयर्नकी पेनड्राइव्हचा पासवर्ड हरवला. त्या पेनड्राइव्हमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती कायमची बंद होण्याची योजना होती, आणि २०२१ च्या जानेवारीत ही बातमी आली तेव्हा त्यांचे आठ प्रयत्न संपलेले होते. ‘कोणताही बिटलॉकर पाच मिनिटांत उघडून देतो’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांकडे कृपया जाऊ नये.

९. पासवर्ड कसा असावा? मराठी शब्द चालतील का?

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड आपल्या सर्वांना ठाऊक आहे: नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. तो सर्वांना ठाऊक आहे, हीच त्याची कमजोरी आहे, आणि अनेक जण नकळत त्याच साच्याने स्वतःचे पासवर्ड बनवतात. नाव, गाव, वाहनाचा क्रमांक, मुलांचे वाढदिवस यांची कोणतीही जोडणी टाळावी. जून २०२२ मध्ये जपानमधील आमागासाकी शहराच्या सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती असलेला पेनड्राइव्ह एका कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याकडून हरवला. माहिती एन्क्रिप्ट केलेली होती, ही जमेची बाजू; पण अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत पासवर्ड १३ अक्षरांचा असल्याचे सांगून टाकले आणि शहराचे नाव व चालू वर्ष रोमन लिपीत जोडले, की नेमकी १३ अक्षरे होतात, हे लोकांनी लगोलग दाखवून दिले. पेनड्राइव्ह पुढे सापडला, पण पासवर्डची लांबीसुद्धा उघड करू नये, हे त्यातून सर्वांना कळले.

एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द ओळीने लिहिणे, हा लक्षात राहणारा आणि मजबूत मार्ग आहे. शब्दकोश कुठेही उघडून, बोट पडेल तो शब्द घ्यावा. मनाने निवडलेले शब्द आपल्या सवयीतलेच निघतात. म्हणी, अभंगांच्या ओळी, गाण्यांचे मुखडे वापरू नयेत, कारण अंदाज लावणाऱ्यांच्या याद्यांमध्ये प्रसिद्ध ओळी असतातच.

मराठी शब्द अवश्य घ्यावेत, पण रोमन अक्षरांत. देवनागरीत टाइप केलेला पासवर्ड दुसऱ्या संगणकावर मराठी कळफलक नसेल, किंवा असूनही वेगळ्या रचनेचा असेल, तर टाइपच करता येत नाही. रोमन लिपीतही एक अडचण खास आपली आहे: ‘ज्ञान’ कोणी ‘डी’पासून लिहितो तर कोणी ‘जी’पासून, ‘वीज’मधला दीर्घ स्वर कधी एका ‘आय’ने तर कधी दोन ‘ई’ने लिहिला जातो, आणि सहा महिन्यांनी आपण तेव्हा काय लिहिले होते, ते आठवत नाही. म्हणून जोडाक्षरांचे शब्द टाळावेत आणि दीर्घ स्वर नेहमी एकाच अक्षराने लिहायचा, असा स्वतःपुरता नियम ठरवावा.

१०. व्हेराक्रिप्ट म्हणजे काय, आणि ते बिटलॉकरपेक्षा चांगले आहे का?

व्हेराक्रिप्ट हे मुक्त स्रोत असलेले विनाशुल्क सॉफ्टवेअर आहे. ट्रूक्रिप्ट या जुन्या सॉफ्टवेअरच्या आधारे ते २०१३ मध्ये सुरू झाले, आणि मे २०१४ मध्ये ट्रूक्रिप्टचे काम अचानक थांबल्यानंतर त्याचे अनेक वापरकर्ते इकडे वळले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, हा त्याचा मोठा गुण. सुरक्षिततेच्या दृष्टीने सामान्य वापरासाठी दोन्ही पुरेशी आहेत. निवड सोयीनुसार करावी.

त्यात दोन मार्ग आहेत. संपूर्ण पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करता येतो किंवा पेनड्राइव्हवर एक ‘कंटेनर’ फाइल बनवता येते, जी पासवर्ड दिल्यावर वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. नवख्यांना आम्ही कंटेनर सुचवतो, कारण उरलेली जागा साध्या फाइलींसाठी मोकळी राहते आणि प्रश्न ११ मधील धोका येत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या रचनेत फॉरमॅट केलेला असेल, तर कोणतीही एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही. मोठा कंटेनर हवा असल्यास आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावे.

दोन अडचणी आधीच माहीत असाव्यात. पहिली, ‘पोर्टेबल’ प्रकार पेनड्राइव्हवरून चालवता येत असला, तरी विंडोजवर त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात. त्यामुळे सायबर कॅफेत किंवा महाविद्यालयाच्या लॅबमध्ये तो बहुधा चालत नाही. दुसरी, कंटेनरमध्ये बदल केला, तरी त्या फाइलीची तारीख मुळात तशीच ठेवली जाते. तारीख पाहून बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरला बदल झाल्याचे कळतच नाही आणि महिनोन्महिने जुनीच प्रत जपली जाते. व्हेराक्रिप्टच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ही सवय बंद करता येते, बॅकअपवर विसंबणाऱ्यांनी ती अवश्य बंद करावी.

११. पेनड्राइव्ह जोडताच विंडोज ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ असे म्हणते. फॉरमॅट करू का?

करू नये. व्हेराक्रिप्टने संपूर्ण पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट केला असेल, तर विंडोजला त्यावरील माहिती ओळखता येत नाही, म्हणून ती तो कोरा समजते. ‘कॅन्सल’ दाबून व्हेराक्रिप्ट उघडावे आणि तेथून ड्राइव्ह जोडून घ्यावा. बिटलॉकरचा पेनड्राइव्ह मॅकला जोडल्यावरही असाच संदेश येतो. तेथे ‘इग्नोर’ किंवा ‘इजेक्ट’ निवडावे. घरात किंवा कार्यालयात इतर जण तो हाताळणार असतील, तर पेनड्राइव्हवर ‘फॉरमॅट करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवण्यात काहीही कमीपणा नाही.

चुकून फॉरमॅट झालेच, तर त्यावर आणखी काहीही लिहू नये. व्हेराक्रिप्ट किल्लीची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची एक प्रत त्याच ड्राइव्हच्या शेवटी ठेवतो. झटपट फॉरमॅट झाला असेल, तर ‘रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर’ वापरून त्या प्रतीच्या आधारे बराच मजकूर परत मिळण्याची शक्यता असते.

१२. विंडोज, मॅक आणि लिनक्स या सगळ्यांवर चालेल असा पेनड्राइव्ह कसा करायचा?

तिन्हींवर लिहायचे-वाचायचे असेल, तर एक्सफॅट पेनड्राइव्हवर व्हेराक्रिप्टचा कंटेनर हा सर्वांत सोपा मार्ग. मॅकची स्वतःची पद्धत ‘डिस्क युटिलिटी’मध्ये एपीएफएस एन्क्रिप्टेड या नावाने मिळते, पण असा पेनड्राइव्ह विंडोजला वाचता येत नाही. लिनक्सवरील लक्स पद्धतीचेही तेच. उलट दिशेने स्थिती थोडी बरी आहे: लिनक्समधील क्रिप्टसेटअप २०२० पासून बिटलॉकर ओळखू लागले, त्यामुळे अलीकडच्या लिनक्सवर बिटलॉकरचा पेनड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडतो.

१३. एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह मोबाइलला, टीव्हीला किंवा झेरॉक्सच्या दुकानात चालेल का?

टीव्हीला आणि गाडीतील स्टिरिओला चालणार नाही. अँड्रॉइड फोन ओटीजीने जोडलेला बिटलॉकरचा पेनड्राइव्ह स्वतःहून उघडत नाही. झेरॉक्सच्या दुकानातील विंडोज संगणकावर बिटलॉकर उघडेल, पण तेथे पासवर्ड टाइप करणे म्हणजे अनोळखी संगणकाच्या हाती सगळा पेनड्राइव्ह देणे होय. तो संगणक प्रत्येक कळ नोंदवत आहे की नाही, हे आपल्याला कळू शकत नाही. छपाईसाठी एक वेगळा, लहान, साधा पेनड्राइव्ह ठेवावा, त्यात त्या दिवशीचे कागद तेवढेच न्यावेत आणि काम झाल्यावर ते पुसावेत. आधारची छापील प्रत हवी असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर ‘मास्क्ड आधार’ न्यावे.

१४. दोन-चारच फाइली आहेत. झिप करून पासवर्ड लावला तर?

चालेल, मात्र पद्धत निवडून. झिपची जुनी पद्धत, जिला झिपक्रिप्टो म्हणतात, १९९४ मध्येच कमकुवत असल्याचे दाखवले गेले आहे. सेव्हन-झिप हे विनाशुल्क सॉफ्टवेअर घेऊन त्यात एईएस-२५६ निवडावे. झिप प्रकारात पासवर्ड असूनही आतील फाइलींची नावे दिसत राहतात, आणि ‘घटस्फोट अर्ज अंतिम’ असे नावच पुष्कळ सांगून जाते. म्हणून सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार निवडून ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करावी. अशी फाइल थेट उघडून पाहिली, की तिची साधी प्रत संगणकाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार होते, हेही ध्यानात असू द्यावे. कुरिअरने पेनड्राइव्ह पाठवताना पासवर्ड त्याच पाकिटात घालू नये. तो फोनवर सांगावा.

१५. एन्क्रिप्ट केल्यावर शॉर्टकट व्हायरस लागणार नाही ना?

लागू शकतो. पासवर्ड देऊन पेनड्राइव्ह उघडला, की संगणकातील प्रत्येक प्रोग्रामसाठी तो साधाच पेनड्राइव्ह असतो आणि व्हायरस त्यात लिहू शकतो. एन्क्रिप्शन हरवणे आणि चोरी यांपासून वाचवते, व्हायरसपासून नाही.

१६. कीपॅड असलेले किंवा बोटाचा ठसा घेणारे पेनड्राइव्ह घ्यावेत का?

कीपॅडचे चांगल्या दर्जाचे पेनड्राइव्ह महाग असतात, पण काही कामांसाठी ते उत्तम आहेत. पिन पेनड्राइव्हवरच दाबायचा असल्याने संगणकाला पासवर्ड कळतच नाही, सॉफ्टवेअर लागत नाही आणि उघडल्यावर ते कोणत्याही यंत्राला साध्या पेनड्राइव्हसारखे दिसतात. काढले, की आपोआप बंद होतात.

मात्र ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ ही अक्षरे पाहून निश्चिंत होऊ नये. २०१० च्या सुरुवातीला जर्मनीतील एसवायएसएस या सुरक्षा कंपनीने किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बेटिम यांच्या काही पेनड्राइव्हमधील दोष उघड केला. पासवर्ड तपासण्याचे काम संगणकावरील प्रोग्राम करत होता आणि तो बरोबर निघाल्यावर पेनड्राइव्हला प्रत्येक वेळी एकच ठरावीक संदेश पाठवत होता. तो संदेश थेट पाठवला, की पासवर्ड काहीही असो, पेनड्राइव्ह उघडत असे. आतील एन्क्रिप्शन एईएसचे होते आणि अमेरिकी सरकारी मानकाचे प्रमाणपत्रही होते. स्वस्तातील ठशांच्या पेनड्राइव्हविषयी आम्ही म्हणूनच सावध आहोत: ठसा जुळल्यावर केवळ विभाग दाखवला जातो की माहिती खरोखर एन्क्रिप्ट असते, हे वेष्टनावरून समजत नाही. तसा पेनड्राइव्ह आधीच असेल, तर त्यात व्हेराक्रिप्टचा कंटेनर ठेवावा.

१७. एन्क्रिप्शनमुळे पेनड्राइव्ह हळू चालतो का?

आजच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी स्वतंत्र सूचना असतात, त्यामुळे जाणवण्याइतका फरक सहसा पडत नाही. खरा अडसर पेनड्राइव्हच्या लिहिण्याच्या वेगाचा असतो. ‘सेफली रिमूव्ह’ न करता उपसण्याची सवय मात्र सोडावी, कारण साध्या पेनड्राइव्हपेक्षा एन्क्रिप्ट केलेला बिघडल्यावर दुरुस्त करणे बरेच कठीण असते.

१८. भारतात एन्क्रिप्शन वापरणे कायदेशीर आहे का? पोलिसांनी पासवर्ड मागितला तर?

स्वतःची माहिती एन्क्रिप्ट करण्यास मनाई नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला होता, पण त्यावर टीका होताच तो मागे घेतला. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार, ठरावीक कारणांसाठी आणि ठरावीक प्रक्रियेने, अधिकृत यंत्रणा माहिती उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते; सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. प्रत्यक्ष असा प्रसंग आला, तर वकिलांचा सल्ला घ्यावा.

१९. कार्यालयातील पेनड्राइव्ह तिघे वापरत होतो. एक जण नोकरी सोडून गेला. पासवर्ड बदलला, की झाले ना?

पूर्णपणे नाही. पासवर्ड बदलल्याने माहिती नव्याने एन्क्रिप्ट होत नाही. आतली मुख्य किल्ली तीच राहते आणि फक्त तिच्यावरचे आवरण बदलते. बिटलॉकरमध्ये पासवर्ड बदलला, तरी जुनी रिकव्हरी की चालूच राहते आणि तिची प्रत त्या व्यक्तीकडे असेल, तर पेनड्राइव्ह तिच्यासाठी उघडाच असतो. अशा वेळी बिटलॉकर बंद करून पुन्हा लावावा, किंवा फाइली बाहेर काढून फॉरमॅट करून नव्याने सुरुवात करावी. व्हेराक्रिप्टमध्येही जुना हेडर-बॅकअप (किल्लीची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची प्रत) आणि जुना पासवर्ड यांच्या साहाय्याने कंटेनर उघडता येतो, म्हणून तेथे नवा कंटेनर बनवावा. ‘ऑटो-अनलॉक’, म्हणजे पासवर्ड न विचारता पेनड्राइव्ह आपोआप उघडण्याची सोय, चालू केलेल्या संगणकांवरून तीही काढून टाकावी. ज्या फाइली आधीच अन्यत्र उतरवून घेतल्या गेल्या, त्यांवर या कशाचाही परिणाम होत नाही.

२०. जुना पेनड्राइव्ह कोणाला देताना किंवा भंगारात टाकताना काय करावे?

पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेला असेल, तर फॉरमॅट करणे आणि त्याच्या रिकव्हरी कीचा कागद फाडणे पुरेसे आहे. किल्लीशिवाय उरलेले अवशेष वाचता येत नाहीत. पूर्वी कधी साधा वापरला असेल, तर प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या राखीव जागेमुळे पूर्ण फॉरमॅट करूनही तुकडे उरू शकतात. त्यात इतरांची कागदपत्रे होती, अशी खात्री असेल, तर तो कोणाला देऊ नये. वरचे आवरण काढून आतली काळी चौकोनी चिप हातोडीने किंवा पक्कडीने फोडावी. केवळ यूएसबीचे टोक मोडणे पुरेसे नाही, कारण चिप शाबूत असेल, तर ती दुसऱ्या सर्किटला जोडून वाचता येते. फोडलेला पेनड्राइव्ह कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.